पिवळे फेटे आणि बारा चमचे

यंदा सोसायटीच्या किल्ल्यावर मातीचे मावळे ठेवायचे नाहीत, असं सप्टेंबरात ठरलं. चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांकडे रेझिनचा थ्रीडी प्रिंटर आहे. ५४ मिलिमीटर उंचीचे चोवीस मावळे छापून द्यायचं त्यांनी कबूल केलं. मी आठ-नऊ वर्षं असल्या छोट्या मूर्ती रंगवते, त्यामुळे रंगकाम माझ्या गळ्यात आलं. ५४ मिलिमीटर म्हणजे साधारण १:३२ प्रमाण. अंगठ्यापेक्षा किंचित कमी उंचीचा माणूस, आणि त्याच्या डोक्यावरच्या फेट्याचा एकेक पीळ जेमतेम मिलिमीटरभर रुंद. कमिटीची अट एकच होती: फेटे हळदीसारखे पिवळे हवेत, गेल्या वर्षी होते तसे. (मावळे खरोखर कुठल्या रंगाचं काय डोक्याला गुंडाळत, हा वाद मी काढला नाही. काढला असता तर दिवाळी मार्गशीर्षात गेली असती.) किल्ला वसुबारसेला उभा राहणार होता. हाताशी पाच आठवडे होते आणि त्यातले जवळपास दोन एकट्या पिवळ्याने खाल्ले.

पहिल्या खेपेला बावीस मूर्ती आल्या. दोघांचे भाले छापतानाच मोडले होते, ते मागाहून येणार होते. बाविसांना मी भांड्याच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने घासलं, दिवसभर वाळवलं आणि राखाडी स्प्रे प्रायमर मारला. अॅक्रिलिकच्या १७ मिलीच्या थेंबाच्या बाटल्या घरात होत्या, पिवळी तेवढी नवी आणली. रंग पॅलेटवर वाळू नये म्हणून मिठाईच्या प्लास्टिक डब्यात ओला स्पंज घातला आणि त्यावर बटर पेपर अंथरला. आमच्याकडची नेहमीची सोय.

पहिल्या फेट्यावर पहिला हात मारला आणि लक्षात आलं, हे जड जाणार. रंग पिळाच्या उंच कडेवर थांबतच नव्हता. घसरून दोन पिळांमधल्या खाचेत जमा होत होता. खाचेत गडद पिवळा ओघळ आणि कडेवर उघडा राखाडी, म्हणजे उजेड-सावलीचा हिशोब बरोबर उलटा. दुसरा हात दिला. पंखा चालू होता, ऑक्टोबरची काहिली सुरू झाली होती, वरची साय पाच मिनिटांत वाळल्यासारखी दिसली. म्हणून ब्रश टेकवला, तर ती साय खालच्या ओल्या रंगासकट सोलून आली, दुधावरची साय चमच्याला येते तशी. तिसरा हात, चौथा हात. पाचव्याला रंग एकदाचा झाकला, पण पिळांच्या खाचा बुजून फेट्याचा बटाटेवडा झाला होता. शिवाय तो पिवळा हळदीचा नव्हताच. राखाडीवरून आलेला हिरवट, आजारी पिवळा. चौथ्या मजल्यावरचा चौदा वर्षांचा मुलगा मदतीला येतो, तो म्हणाला, "काकू, यांना कावीळ झालीय का?"

तरी मी आणखी पाच मावळे तसेच रंगवले. का, ते विचारू नका. ‘हातच बसला नसेल, सहाव्याला बसेल’ ही आशा फार वाईट.

मग संशयितांची यादी झाली. सगळ्यात आधी पाणी. आमच्याकडे नळाला टँकरचं बोअरवेलचं पाणी येतं. बादलीला पांढरे डाग धरतं, तर रंगाला का नाही धरणार? दुसरा संशय ब्रशवर, कारण सिंथेटिकचं टोक आकड्यासारखं वळलं होतं. तिसरा प्रायमरवर, आणि चौथा अर्थातच दुकानदारावर, जुनी बाटली खपवली म्हणून. या चौघांपैकी कुणाचाही गुन्हा नव्हता. पण ते कळायला चमचे लागले.

चमचे

वाढदिवसाला आणतात ते प्लास्टिकचे पांढरे चमचे मॉडेल बनवणारे चाचणीला वापरतात. पाठ फुगीर असते, त्यामुळे रंग कडेवरून कसा ओघळतो ते मूर्तीसारखंच दिसतं. मी बारा चमचे घेतले, दांडे एका मोठ्या बटाट्यात खोचले आणि प्रत्येकाच्या दांड्यावर पेनाने नंबर टाकले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम.

पहिल्या चौघांवर राखाडी प्रायमर आणि तोच पिवळा: एकावर नळाचं पाणी, दुसऱ्यावर आरओचं, तिसरा जुन्या ब्रशने, चौथा नव्या सेबलच्या (नैसर्गिक केसांच्या) ब्रशने. चारही सारखेच वाईट निघाले. सेबलने रंग जरा गुळगुळीत बसला इतकंच. पुढच्या तिघांवर पिवळा थेट, फक्त प्रायमर वेगळा. काळ्यावर चार हातांनंतरही शेवाळी. राखाडीवर चार हातांनी कसाबसा. पांढऱ्यावर दोन हातांत पिवळा, पण थंड, कागदी, आणि ब्रश जिथे चुकला तिथे पांढरा ठिपका लांबूनही डोळ्यात भरत होता. त्यापुढच्या तिघांवर राखाडी प्रायमरवर आधी दुसऱ्या रंगाचं अस्तर दिलं, एकावर पांढऱ्याचं, एकावर यलो ऑकरचं (पिवळ्या मातीच्या रंगाचं), एकावर फिक्या गुलाबीचं. शेवटच्या दोघांत पिवळ्यातच भेसळ: अकराव्यात पांढरा, बाराव्यात ऑकर.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना बटाटा उचलून खिडकीत ठेवला. नऊ नंबरचा चमचा, म्हणजे ऑकरचं अस्तर आणि वर पिवळ्याचे दोन पातळ हात, सरळ हळदीच्या डब्यातून काढल्यासारखा दिसत होता. दहाव्याचा, गुलाबीवरचा, केशराकडे झुकलेला आणि खरं तर जास्त देखणा. अकरावा झाकत होता, पण लिंबू सरबत झाला होता. बारावा चालला असता, जरा मळकट.

म्हणजे पिवळा रंग बिघडलेला नव्हताच. त्याचं झाकण्याचं कामच नव्हतं, मी त्याला भलत्या कामावर लावलं होतं.

भज्यांचा कागद

छोट्या मूर्तींसाठीच्या बऱ्याच बाटल्यांवर आत कोणतं रंगद्रव्य आहे ते छापत नाहीत. चित्रकारांच्या अॅक्रिलिक ट्यूबवर मात्र बारीक अक्षरांत संकेतांक असतो. माझ्या ट्यूबांच्या खोक्यात त्याच छटेची एक ट्यूब सापडली, तिच्यावर ‘पीवाय ७४’ असं होतं (पीवाय म्हणजे पिगमेंट यलो). हे अॅरिलाइड कुळातलं सेंद्रिय पिवळं. रंग झगझगीत, पण स्वभावाने अर्धपारदर्शक. बाटलीतलंही वागण्यावरून त्याच जातीचं दिसत होतं. ऑकरच्या ट्यूबवर ‘पीवाय ४२’, म्हणजे पिवळं आयर्न ऑक्साइड. तुळशीवृंदावनाला लावतात त्या गेरूची ही पिवळी बहीण. पिवळी माती भाजली की ती लाल होते, इतकं जवळचं नातं. ही चांगली अपारदर्शक. पांढऱ्यावर ‘पीडब्ल्यू ६’, टायटॅनियम डायऑक्साइड, झाकण्यात सगळ्यांचा बाप.

एक झाकतो आणि दुसरा झाकत नाही, हे का? भजी गुंडाळलेला वर्तमानपत्राचा कागद आठवा. कोरडा असताना तो पांढरट आणि अपारदर्शक, कारण तंतू आणि मधली हवा यांच्या सीमेवर उजेड वाकतो, परततो, विखुरतो. तेल लागलं की मधली हवा जाते. तंतू आणि तेल यांचा अपवर्तनांक (उजेड किती वाकतो त्याचं माप) जवळजवळचा असल्यामुळे उजेड न विखुरता सरळ आरपार जातो आणि मागच्या पानावरचा मथळा वाचता येतो. अॅक्रिलिकमध्ये तेलाच्या जागी अॅक्रिलिकचं बाइंडर (रंगद्रव्य धरून ठेवणारा चिकट भाग) असतं, त्याचा अपवर्तनांक साधारण १.५. त्यात बसलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडचा सुमारे २.७. फरक मोठा, म्हणून उजेड दाणादाण उडून परत येतो आणि खालचं काही दिसत नाही. झिंक व्हाइटचा सुमारे २, म्हणून तो पांढरा असूनही बराच पारदर्शक. सेंद्रिय पिवळं बाइंडरच्या आणखी जवळ सरकतं, म्हणून उजेड खालच्या राखाडीपर्यंत बिनधास्त जाऊन येतो. दाण्याचा आकार, रंगद्रव्याचं प्रमाण यांचाही हात असतोच, पण मुख्य गोष्ट ही.

मग अपारदर्शक चकचकीत पिवळा मिळतच नाही का? मिळतो. कॅडमियम पिवळा उत्तम झाकतो, पण कॅडमियम विषारी, आणि आमच्या छंदात ब्रशचं टोक ओठांत धरून अणकुचीदार करायची वाईट खोड निम्म्या लोकांना असते. घरात मुलं रंगवायला बसतात तिथे मी तो आणत नाही. बिस्मथ व्हॅनाडेट, संकेतांक पीवाय १८४, हाही झाकतो, पण लिंबाकडे झुकतो आणि खिशाला झोंबतो. चोवीस फेट्यांसाठी गेरूची बहीण बरी.

आधीचे सहा कावीळवाले मावळे सोलावे लागले. त्यासाठी डेटॉल. पाणी न मिसळता, जसंच्या तसं, झाकणाच्या बरणीत. आधी एका जादा छापलेल्या ढालीवर करून पाहिलं, रेझिनला काही होत नाही याची खात्री झाली, मग सहाही जण रात्रभर बुडवले. सकाळी रंग मऊ चिखलासारखा सुटला होता. इथे एक चूक लोक हमखास करतात: मूर्ती बाहेर काढून थेट नळाखाली धरतात. पाणी लागलं की तो चिखल डिंकासारखा चिकट होतो आणि खाचांतून निघता निघत नाही. आधी डेटॉलमध्येच ब्रश बुडवून घासायचं, सगळा रंग गेल्यावर साबण-पाणी. घरभर दवाखान्याचा वास सुटला आणि सासूबाईंनी आतून विचारलं, "कुणाला लागलं गं?"

नंतरचं काम भराभर झालं. ऑकरचे दोन पातळ हात, मध्ये वीस मिनिटं पंख्याखाली नुसतं ठेवून देणं (ही वीस मिनिटं फुकट जात नाहीत, तोवर दुसऱ्या मावळ्याचा फेटा होतो). मग पिवळ्याचे दोन हात. ब्रश रंगात बुडवला की एकदा टिश्यूला टेकवायचा आणि खाचेकडून कडेकडे ओढायचा, म्हणजे ब्रश उचलताना शेवटचा थेंब कडेवर राहतो. सावलीला काळा घातलाच नाही, काळा आणि पिवळा मिळून पुन्हा तो शेवाळी होतो. लालसर तपकिरी पातळ करून फक्त खाचांत सोडला. उजेडाच्या कडांना पिवळ्यात थेंबभर हस्तिदंती. एका फेट्याला, वाट पाहण्याचा वेळ सोडून, बारा-तेरा मिनिटं लागली.

अंगरखे पांढरे होते. पांढऱ्याची तक्रार पिवळ्याच्या उलट: झाकतो, पण बाटलीतून थेट लावला तर खडूने फासल्यासारखा रवाळ, ब्रशच्या रेघांसकट. म्हणून शुद्ध पांढऱ्याने सुरुवातच केली नाही. पांढऱ्यात ऑकर आणि काळ्याचा कण घालून केलेला उबदार फिका राखाडी सगळीकडे, त्यावर मोतिया, आणि निव्वळ पांढरा फक्त खांदे आणि चुण्यांच्या शिखरांवर. पातळ करायला रंगाइतकंच पाणी, त्याहून जास्त नाही. आणखी पातळ हवा असेल तर पाण्याऐवजी मॅट मीडियम, म्हणजे रंगद्रव्य नसलेलं, बिनचकाकीचं बाइंडर. पाणी वाढवत गेलं की बाइंडरही विरळ होतं, आणि थेंब वाळताना रंगद्रव्य कडेला वाहत जाऊन कपाखाली चहाचं वर्तुळ उरतं तसं वर्तुळ उरतं. मुलाने एका अंगरख्यावर अशी तीन वर्तुळं काढली. त्यांचे आम्ही ठिगळ केले. मावळ्याला ठिगळ शोभतं.

तलवारींना काळा बेस, वर चंदेरी. धातूच्या रंगातल्या चमचमत्या पापुद्र्यांसाठी पाण्याचा ग्लास वेगळा ठेवायचा, नाहीतर पुढचा चेहरा चमकी लावल्यासारखा दिसतो. याहून जास्त सांगण्यासारखं त्यात काही घडलं नाही.

टेरेसवर

वसुबारसेला तीन दिवस उरले होते आणि परतीचा पाऊस ठाण मांडून बसला होता. मुलांचे हात लागणार, म्हणून मूर्तींना मॅट व्हार्निश हवंच. संध्याकाळी पाऊस थांबला. मी आठ मावळे खोक्यावर चिकटवून टेरेसवर नेले आणि स्प्रेच्या डब्याने व्हार्निश मारलं. पंधरा मिनिटांनी बॅटरी मारून पाहिलं, तर आठही जण पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे. फेट्यांवर पांढरट धूर, आणि तलवारींचं शिसं झालेलं. खाली येऊन कॅमेऱ्याच्या डब्यातलं आर्द्रतामापक बाहेर ठेवलं, त्याने ८४ टक्के दाखवले. ते आधी बघायचं असतं, हे मला ठाऊक होतं.

स्प्रेमधलं द्रावक झपाट्याने उडतं तेव्हा पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतली वाफ त्यावर दहिवरासारखी धरते. शिवाय मॅट व्हार्निशमध्ये चकाकी घालवण्यासाठी सिलिकाची बारीक पूड असते, ती डब्याच्या तळाशी बसते, आणि मी घाईत डबा नीट हलवला नव्हता. दोन्हींचा परिणाम एकच: वरचा थर खडबडीत, मध्ये हवा, आणि उजेड नको तिथे विखुरला जातो. पिवळ्याने उजेड विखुरला नाही म्हणून मी रडले होते, आता व्हार्निश नको इतका विखुरत होतं.

आणि म्हणून औषधही भज्यांच्या कागदाचंच. चकचकीत व्हार्निश, पाण्याचं, ब्रशने, पातळ. ते खडबडीतपणात शिरतं, हवेची जागा घेतं आणि धूर नाहीसा होतो. पहिल्या मावळ्याच्या फेट्यावरून ब्रश फिरवला तशी पाठीमागून हळद उगवत आली. मुलगा ओरडलाच. आठांपैकी सात असे परतले, आधी लाडवासारखे तुकतुकीत, मग वाळल्यावर ब्रशने मॅटचा एक हलका हात दिला आणि माणसात आले. आठव्याच्या पाठीवर धूर रंगाच्या थराखालीच अडकल्यासारखा राहिला, त्याचा अंगरखा पुन्हा रंगवला. उरलेल्यांना स्प्रे दाखवलाच नाही. खिडक्या लावून, एसी सुरू करून, बाटली दोन मिनिटं हलवून, सगळ्यांना ब्रशने मॅट.

हिशोब असा: पिवळ्याच्या पहिल्या खेपेत पाच संध्याकाळी वाया गेल्या, सोलण्यात दोन, चमच्यांना एक. चमचे आधी केले असते तर आठातली एकच गेली असती.

किल्ला चार दिवस अंगणात होता. रात्री दव, दिवसा ऊन, आणि सतत कुणाचं तरी पोर मावळे उचलून इकडून तिकडे नेत होतं. पाडव्यानंतर मी चोवीसही जण घरी आणून भिंगाखाली तपासले. फेटे शाबूत. ऑकरचं अस्तर कुठेही उघडं पडलेलं नाही, तीन-चार तलवारींची टोकं तेवढी झिजली आहेत.

दोघांचा मात्र रंग खवल्यांसारखा उचलला गेलाय. गुडघ्याला नख लावलं तर प्रायमरसकट पापुद्रा आला आणि खाली नुसतं रेझिन, किंचित तेलकट. नंबर पाहिले. मोडलेल्या भाल्यांच्या बदल्यात मागाहून आलेले ते दोघे. रात्री साडेदहाला ते गृहस्थ दारात देऊन गेले होते, आणि साबणाने धुवायचं सकाळवर न ढकलता मी तसाच प्रायमर मारला होता. सध्या दोघंही डेटॉलच्या बरणीत आहेत.